माशीने वाढवलेलं वय

संग्रहालयात तिला सगळे माशीताई म्हणत आणि तिच्या नवऱ्याला ओंडकेराव. तिच्या ताब्यात टाचण्यांवर टोचलेल्या घरमाश्या. त्याच्या ताब्यात पाइनच्या खोडाची जेवणाच्या टेबलाएवढी चकती. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, भांडणाला पंचवीस. पहिलं वर्ष फुकट गेलं, असं ती सांगायची.

यंदा दारासमोरची जागा रिकामी झाली. संचालकबाईंनी दोघांना बोलावलं. "झाड नाहीतर माशी, एकच काहीतरी. सोमवारी ठरवू."

माशीताई पुढच्या महिन्यात निवृत्त होणार होती. तिच्या माश्या आजवर जिन्याखालच्या अंधारातच राहिल्या होत्या. त्यांना एकदा तरी उजेडात आणायचं तिने मनाशी पक्कं केलं.

"माझं झाड तीनशे चाळीस वर्षं उभं होतं," रविवारी भाजी निवडता निवडता ओंडकेराव म्हणाला. "तुझी माशी महिनाभर टिकली तरी खूप."

"महिन्याभरात ती पणजी होऊन मोकळी होते. तुमच्या पाइनला बियांचा एक शंकू पिकवायला दोन वर्षं लागतात. तुम्ही पंखा दुरुस्तीला घेता तसं."

"माझं झाड कुठे घाण तरी करत नाही."

तिने निवडलेली देठं त्याच्या पुढ्यात ढकलली.

सोमवारी ती लवकर पोचली. चकती पुसायचं काम त्याने गोड बोलून तिच्या गळ्यात घातलं होतं. दर दहाव्या वलयावर तो शाईचा ठिपका देई आणि ठिपके मोजून वय काढी. सवयीने तिने भिंग लावलं. चौतीस ठिपके. पण त्यातले तीन जरा फुगीर, तपकिरी. खिडकीच्या काचांवरून असले ठिपके तिने जन्मभर खरवडले होते.

संचालकबाई आल्या. ओंडकेरावाने घसा खाकरला. आता गप्प राहायचं आणि मग बाईंदेखत भिंग पुढे करायचं, की जागा माश्यांची. ती त्याच्या कानाशी वाकली.

"अहो, तीन ठिपके तुमचे नाहीत. माशीचे आहेत."

त्याचे कान लाल झाले. मग तो म्हणाला, "मॅडम, झाड तीनशे दहा वर्षांचं. वरची तीस हिच्या माशीने घातली."

संचालकबाई भिंगातून बघत कितीतरी वेळ हसत राहिल्या. "चकती दारातच ठेवा. ठिपके पुसू नका. आणि ज्यांनी केलेत, त्यांनाही शेजारी बसवा."

पाटी लिहायला दोघं बसले.

"आधी नाव कुणाचं?" तिने विचारलं.

"जे वयाने मोठं, त्याचं."

"लिहा," माशीताई म्हणाली. "पण तीस वजा करून."