कापून नेलेले चेहरे

सेवेतली बरीच प्रकरणं मी विसरलो, हे एक मात्र विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. लहानपणी आईवडिलांबरोबर पुण्याहून जर्मनीत आलो आणि इथल्याच पोलिसांत भरती झालो. तेव्हा बॉबलिंगेनजवळच्या एका गावात तपास अधिकारी होतो. नगरपरिषदेच्या निवडणुकीचे दिवस होते. एका स्पॅनिश उमेदवाराने ठाण्यावर येऊन तक्रार दिली: खांबांवरच्या फलकांतून त्याचा चेहरा तेवढा कोणीतरी कापून नेत होतं.

कारखान्याच्या कामासाठी स्पॅनिश कुटुंबं गावात आली त्याला दोन पिढ्या झाल्या होत्या, पण परिषदेत त्यांचा एकही माणूस कधी बसला नव्हता. हा पहिला निवडून येईल अशी चिन्हं होती. वर्तमानपत्रांनी लगेच परकीयद्वेष्ट्यांकडे बोट दाखवलं. आम्हीही नेहमीच्या टवाळांना बोलावून त्यांचे जबाब घेतले. हाती काही लागलं नाही.

मग स्पॅनिश मंडळाच्या कँटीनवाल्याचा फोन आला. "कोमिसार साहेब, बाहेर काय शोधताय? आमच्यात बघा." इथे पक्ष रंगावरून ओळखतात: लाल म्हणजे कामगारांचा, काळा म्हणजे पुराणमतवाद्यांचा. उमेदवार काळ्या पक्षाकडून उभा राहिला आणि मंडळात दोन टेबलं झाली. जुने कामगार लाल, नवे दुकानदार काळे. एकमेकांच्या डोमिनोच्या सोंगट्यांना कोणी हात लावत नाही.

"आणि उमेदवाराचे वडील कोणत्या टेबलावर?" मी विचारलं.

"जन्माचे लाल. पण मुलामुळे लाल टेबल त्यांना बसू देत नाही आणि काळ्यावर ते बसत नाहीत. काउंटरशी उभं राहून एकटेच जेवतात."

संध्याकाळी जेवताना मी नाव न घेता हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, राग आला की माणूस फाडतो. नीट कापून नेतो तो जपायला नेतो." ठाण्यात आम्ही सगळे डोकं खाजवत बसलो होतो आणि उत्तर माझ्याच घरात होतं.

दुसऱ्या दिवशी उमेदवाराच्या म्हाताऱ्या बापाला ठाण्यावर न बोलावता मीच त्याच्याकडे गेलो. स्वयंपाकघराच्या भिंतीवर मुलाचे चेहरे ओळीने चिकटवलेले होते. काही न बोलण्याचा हक्क तुम्हाला आहे, हे मी रीतसर सांगितलं. त्याने कॉफी पुढे केली.

"चेहरे का कापले?"

"चेहरा माझ्या मुलाचा. पक्षाचं नाव त्यांचं, ते खांबावर ठेवलंय."

"मुलगा येतो का इकडे?"

"उभा राहिल्यापासून नाही. मीच म्हणालो होतो, त्या पक्षाचा माणूस या घरात नको." कपात बघत तो पुढे म्हणाला, "माझं ऐकेल असं वाटलं नव्हतं."

मुलाला कळवणं भाग होतं. गोष्ट फुटली असती तर गावभर हसं झालं असतं, जागा गेली असती आणि बापाचं तोंड त्याने पुन्हा पाहिलं नसतं. अशा गुन्ह्यात फिर्यादीने तक्रार मागे घेतली की प्रकरण मिटतं. मुलाने तक्रार मागे घेतल्याच्या कागदावर सही केली. वडिलांकडे मात्र गेला नाही.

तो निवडून आला. परिषदेच्या बैठकीत रहिवाशांनी प्रश्न विचारायला वेळ राखून ठेवलेला असतो. काम काही नसताना मी पहिल्या बैठकीला जाऊन बसलो. पुढच्या रांगेत म्हातारा एकटाच. त्याने हात वर केला आणि बसथांब्यावरचा बाक मोडल्याचं सांगितलं. पुढच्या बैठकीला दिव्याबद्दल विचारलं, मग गटाराबद्दल. मुलाबरोबर एका छताखाली बसायला त्याला दुसरी जागाच उरली नव्हती. लोक हसायचे.

शेवटी एकदा त्याने पुन्हा त्याच बाकाचा विषय काढला आणि महापौरांनी उत्तर द्यायच्या आत मुलगाच उभा राहिला. "बरं, तो बाक मी स्वतः येऊन बघतो."

"कधी येणार, नगरसेवक साहेब?"

"रविवारी."

"दुपारी या," बाप म्हणाला. "जेवणाच्या वेळेला."

आधी मी विचारायचो, गुन्ह्यात फायदा कोणाचा? तेव्हापासून त्या घरात कोण एकटं जेवतं, तेही विचारू लागलो. आता बायको नाही. मुलगी हॅम्बर्गला असते. फोनवर मी मराठीत बोलतो, ती जर्मनमध्ये उत्तर देते. गेल्या आठवड्यात मी तिला सरळच म्हटलं, रविवारी जेवायला ये. ती मराठीत म्हणाली, "येते, बाबा."