तिच्या वजनाला रुंद स्की

घासाघीस करताना वस्तू आवडली आहे हे चेहऱ्यावर दिसू द्यायचं नसतं. हे मी मिरजेला मामांच्या भांड्यांच्या दुकानात शिकलो आणि त्याच जोरावर आजवर पोट भरलं. आता म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइमला राहतो, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत खरेदी बघतो. पुरवठादार माझ्या खोलीत शिरण्याआधी पाणी पिऊन घेतात म्हणे. आणि माझी पोटची मुलगी त्या शनिवारी स्कीच्या दुकानात शिरली ती थेट एका जोडीसमोर जाऊन उभी राहिली. टोकावरून बोटं काय फिरवते, उचलून वजन काय बघते! विक्रेत्याने लांबूनच ते हेरलं. मी मनात म्हटलं, झालं, बुडाला सौदा.

तिच्यासाठीच मी स्की करायला शिकलो होतो, तेही चाळिशी उलटल्यावर. बालवाडीतली पोरं शिकतात त्या उतारावर, त्यांच्याच रांगेत. शिकवणारी बाई ‘पिझ्झा! पिझ्झा!’ असं ओरडायची. म्हणजे दोन्ही स्कींची टोकं जवळ आणून वेग कमी करायचा. माझा पिझ्झा काही जमेना, मी खाली जाऊन जाळीत अडकायचो. मुलगी तेव्हा लहान होती, खाली उभी राहून पोट धरून हसायची आणि मग स्वतःच मला उठवायची. बायकोने एक दिवस करून बघितलं आणि ‘तुमचं तुम्ही घसरा’ म्हणून जाहीर करून टाकलं. तेव्हापासून दर फाशिंगच्या, म्हणजे फेब्रुवारीतल्या कार्निव्हलच्या सुट्टीत आम्ही दोघंच डोंगरावर. मला स्कीचं वेड नव्हतं, आजही नाही. मला डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टची खुर्ची हवी असायची. पाय अधांतरी, खाली पांढरं रान, आणि शेजारी ही. घरी एका शब्दात उत्तर देणारी मुलगी त्या खुर्चीत बसली की अर्धं जर्मन, अर्धं मराठी असं भरभरून बोलायची. वर्गातली भांडणं, आवडलेला मुलगा, आईचा राग. वर पोचेपर्यंत ती माझी असायची.

मागच्या हिवाळ्यात तिच्या मैत्रिणीच्या वडिलांनी तिला पिस्टबाहेर नेलं. पिस्ट म्हणजे रात्री यंत्राने दाबून सपाट केलेला उतार. त्याच्या बाहेर झाडांमधला, कोणी न दाबलेला मऊ बर्फ असतो. तिथे मला उभंही राहता येत नाही. मला त्यांनी विचारलं नाही. वर रस्त्यात भेटून सांगतात, ‘तुमची मुलगी फार छान करते हो.’ माझी मुलगी कशी आहे ते हे मला सांगणार! त्या दिवसापासून मी त्यांना हात करत नाही. ते मात्र करतात.

म्हणून दुकानात जाण्याआधी मी पूर्ण अभ्यास केला होता. दोन्हीकडे चालणारी स्की घ्यायची तर सगळा खेळ पायाखालच्या रुंदीचा. अरुंद स्की कडक पिस्टवर पटकन आपल्या धारेवर कलते आणि बर्फाला घट्ट धरते. रुंद स्की मऊ बर्फावर तरंगते, पण सकाळच्या गोठलेल्या पिस्टवर आळशीपणा करते. मधली घेतली तर थोडं इकडे, थोडं तिकडे. मी मधल्यातली जरा अरुंदच ठरवून गेलो होतो. तिने धरली होती ती चांगली रुंद.

विक्रेता आला. तिला उंची, वजन विचारलं. मी सांगितलं. किती वर्षं करते? मी सांगितलं. त्याने एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं. आपल्याकडे मुलीसाठी काही घ्यायचं तर बापच बोलतो, त्यात एवढं बघण्यासारखं काय होतं?

‘आल्झो, तर मग,’ तो म्हणाला, ‘पिस्टवर किती आणि बाहेर किती?’

‘ऐंशी टक्के पिस्ट,’ मी म्हणालो.

‘तीस,’ ती म्हणाली. जर्मनमध्ये, त्याच्याकडे बघून. ‘सत्तर टक्के बाहेर.’

‘सत्तर? कोणाबरोबर?’

‘पापा, तुला माहीत आहे कोणाबरोबर.’

‘तिथे हिमकडे कोसळतात, माहीत आहे?’

‘मी लाविनेन-कुर्स केलाय. नोव्हेंबरमध्ये. त्यांच्याबरोबरच.’

हिमकडे कोसळले तर काय करायचं याचं शिक्षण माझ्या मुलीने घेतलं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. माझं डोकं फिरलं. मग मी स्कीवरच घसरलो. ‘हिच्या वजनाला ही रुंद पडते. अंगात मांस नाही, ती बर्फात बुडणारच नाही, मग तरंगायला एवढी फळी कशाला? गेल्या वर्षीचा माल खपवताय तुम्ही!’ विक्रेता शांतपणे म्हणाला की वजनाचा मुद्दा बरोबर आहे, पण चालवणार ती आहे. मुलगी लाल झाली होती. ‘पापा, पाइनलिश,’ ती पुटपुटली. म्हणजे मी तिची लाज काढत होतो.

तेव्हा मी शेवटचं हत्यार काढलं. ‘चल गं, दुसरीकडे बघू,’ म्हणालो आणि दाराकडे वळलो. या हत्याराने मला कधी दगा दिला नाही. गिऱ्हाईक पायरी उतरायला लागलं की दुकानदार हाक मारतोच. मिरजेत मामा हाक मारायचे, इथे कंपनीत मोठमोठे पुरवठादार जिन्यापर्यंत मागे येतात. मी मुद्दाम सावकाश चाललो. काचेचं दार आपोआप उघडलं, मी बाहेर आलो, दार मागे मिटलं.

कोणी हाक मारली नाही.

गाड्यांच्या मधे उभा राहिलो. थंडी अशी की नाक बधिर. विक्रेता नाही तर नाही, त्याचं काय एवढं. मला वाटलं होतं ती तरी येईल. काचेतून बघितलं तर ती स्टुलावर बसून बूट चढवत होती, आणि तो स्कीवर बूट अडकवायच्या पकडीसाठी खुणा करत होता. बोलता बोलता ती हसली. बऱ्याच दिवसांत मी तिला तशी हसताना पाहिलं नव्हतं.

मी परत आत गेलो. ‘बसवून टाका,’ एवढंच म्हणालो. भाव केला नाही, करायला तोंडच उरलं नव्हतं.

गाडीत मी विचारलं, ‘आणि माझ्याबरोबर कधी?’

तिने बाहीने खिडकीची काच पुसली. मग मराठीत म्हणाली, ‘फाशिंगच्या सुट्टीतल्या रविवारी, बाबा. पूर्ण दिवस. नक्की.’

शब्द मिळाला होता. शब्द मिळाला की मी सोडत नाही, समोर कोणी का असेना. पण फाशिंगच्या सुट्टीत त्या रविवारी सकाळी डोंगराखालच्या भाड्याच्या घरात उठलो तर बाहेर बर्फ पडून गेलेला, आभाळ निळं. ती माझ्याआधी तयार होऊन दाराशी बसली होती. तिचा फोन वाजला, मैत्रिणीचा. तिने बघितला आणि उलटा ठेवला. तक्रार नाही, काही नाही. आठवड्याच्या बाजाराला आईबरोबर नाइलाजाने निघालेलं पोर बसतं, तशी बसली होती.

‘जा तू त्यांच्याबरोबर,’ मी म्हणालो.

‘झिखर? खरंच?’

‘जा म्हटलं ना! एकदा सांगून कळत नाही?’ मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की बायको आतून बाहेर आली. पोरगी उठली, माझ्या गालाला थंड नाक लावलं आणि स्की खांद्यावर टाकून पळाली.

मी एकटाच वर गेलो. लिफ्टच्या खुर्चीत शेजारी एक अनोळखी बाई बसली होती. हवा छान आहे म्हणाली, मी हो म्हणालो. मध्यावर पोचलो तेव्हा खाली झाडांमधून स्कीच्या ताज्या रेघा उतरलेल्या दिसल्या, चार-पाच असतील. काही एकमेकींत गुंतलेल्या, एक जरा बाजूने एकटीच गेलेली. मी वाकून वाकून बघितलं. बाई म्हणाली, ‘सांभाळा, पडाल.’ पोरीची कुठली ते मला ओळखू आलं नाही.