लालासाहेबांची पळायची पट्टी

लालासाहेब साताऱ्याच्या भरतीत सगळ्यांच्या पुढे पळाले, म्हणून लष्करात गेले. तिथे शंभर मीटरमध्ये वर्षानुवर्षे त्यांना कोणी गाठलं नाही. १९७३ साली हवालदार होऊन ते पलूसजवळच्या आपल्या गावी परतले. गावाने हलगी लावून त्यांना मिरवलं आणि दुसऱ्याच दिवशी विचारलं, "मग, तालमीत कवा येताय?"

पळणं हाही खेळ असतो, हे सांगून सांगून लालासाहेब मेटाकुटीला आले. पोरं तालीम सोडीनात. आल्या त्या मजुरांच्या मुली. आपल्या पेन्शनीतून लालासाहेब त्यांना रोज दूध-अंडी देत, पळायला शिकवत. शेतमजूर हरणाबाईची मनू तर अशी सुटायची, की लालासाहेबांची शिट्टी तोंडातच राहायची. पण हरणाबाईने बजावलं होतं, "भावजी, हितं गावात काय पळवायचं ते पळवा. सांगलीला शर्यतीला न्हाई. वयात आलेली पोर हाय."

म्हणून त्यांनी खेटे घालून जिल्ह्याच्या शालेय शर्यतीच गावात आणल्या. गायरानात मुरूम टाकून, पाणी मारून, रूळ फिरवून टणक पट्टी केली. आदल्या दिवशी ते पंचांना आणायला सांगलीला गेले.

सकाळी पंचांसह जीपमधून उतरले, तर पट्टी नांगरलेली. वर तांबडी माती. तालमीचे वस्ताद आप्पासो हळदीने पिवळे झालेले हात पुशीत पुढे आले.

"ताक, तेल, हळद, समदं घातलंय. कुस्तीच्या हौद्याला बी एवढं घालत न्हाई आमी."

लालासाहेबांचा पाय घोट्यापर्यंत रुतला. "आप्पासो, ह्यात माणूस पळतो व्हय?"

"पळायचं तुमी बघा. पडायची काळजी मिटली."

पंच परत जीपमध्ये बसले. शर्यती दुसऱ्या दिवशी सांगलीला ठरल्या.

लालासाहेब तसेच हरणाबाईच्या दारात गेले. मनू आत कांबळ्याच्या घडीवर बसून ऐकत होती.

"वैनी, एक दिवस. मी स्वतः नेतो, दिवस मावळायच्या आत आणून सोडतो."

"गावानं एवढं ताक वतलं, तरी पळता येईना. मग सांगलीत काय हाय?"

"टणक जमीन हाय."

"ती माझ्या दारात बी हाय," असं म्हणून हरणाबाई भाकरी थापायला वळली.

परत गायरानात आले, तर आप्पासोंचे पठ्ठे लंगोट कसून मातीत उतरलेले, पहिली जोड भिडलेली. "एवढी माती वाया कशाला घालवायची?" आप्पासो म्हणाले. "या, पुढची जोड तुमीच लावा."

"बाहेर व्हा समदे," लालासाहेब म्हणाले.

कोणी ऐकलं नाही. कुस्ती रंगात आली होती.