सहियाचा हात

सारंडाच्या जंगलातल्या गावात महिन्याभरात तापानं तिसरं मूल गेलं, तेव्हा ओझानं, गावच्या मांत्रिकानं, म्हाताऱ्या मेचोला डायन, म्हणजे चेटकीण ठरवलं. लोकांनी तिला केस धरून फरफटत बाहेर काढलं आणि दगडांनी तिचं डोकं फोडलं. घरोघर औषधं पोचवणारी गावची सहिया नानिका बिरुआ धावत येऊन तिच्या अंगावर आडवी पडली.

कुऱ्हाड घेऊन पुढं आला तो सिदिऊ. सकाळीच त्यानं मुलगी पुरली होती.

"बाजूला हो, वहिनी."

"तुझ्या पोरीला मलेरियानं नेलं. उपकेंद्राला दोन वर्षं कुलूप आहे. गोळ्यांसाठी तीनदा ब्लॉकच्या कचेरीत गेले नि हात हलवत परत आले. कुऱ्हाड तिकडं न्यायची होतीस."

घाव मेचोसाठी होता. नानिकानं हात मध्ये घातला आणि तिची तीन बोटं तुटून धुळीत पडली. रक्त बघून जमाव पांगला.

दोघींना खाटांवर घालून सहा कोसांवरच्या दवाखान्यात नेलं. नानिकाच्या खाटेला एक खांदा सिदिऊचाच होता.

फौजदारानं विचारलं, "कुणी मारलं?"

"सांगते. आधी गोळ्या आणि नर्स गावाला जाऊ द्या. अजून नऊ पोरं तापलीत."

"साठा पुढच्या आठवड्यात येईल," डॉक्टर म्हणाले.

"मग नावही पुढच्या आठवड्यात."

फौजदारानं फोन फिरवले. संध्याकाळी नर्स आणि औषधं घेऊन जीप गावाकडं निघाली. नानिकानं दाराकडं बोट केलं. सिदिऊ तिथंच उभा होता. तो पळाला नाही, मान खाली घालून पुढं आला.