दोन बॅचची आई

जून उजाडला की लातूरच्या त्या संस्थेच्या आवारात मांडव पडायचा. नव्या विद्यार्थ्यांचं स्वागत असायचं. हदगावहून, मुखेडहून पोरं यायची. मागोमाग गाद्या, पत्र्याच्या पेट्या आणि दबकत चालणारे आईबाप. त्यांना होस्टेल दाखवलं जायचं, मेस दाखवली जायची, प्रयोगशाळा दाखवली जायची, आणि शेवटी मांडवात बसवून सुकन्या दाखवली जायची.

भूकंपात तिचं गाव भुईसपाट झालं तेव्हा ती दुसरीत होती. ती वाचली, आई शांतम्मा गेली. मोठी झाल्यावर संस्थेचे संचालक हणमंतराव यांनी तिला अकरावीला फुकट घेतलं, होस्टेलही फुकट दिलं. माणूस दिलदार, असं गावभर झालं. असल्या दिलदार माणसांना दिलेलं वसूल कसं करायचं हेही चांगलं ठाऊक असतं.

पहिल्या वर्षी तिनं माइकसमोर घडलं तेवढंच सांगितलं. गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत फ्रॉक चिखलानं भरला म्हणून अव्वा, म्हणजे आई, रागावली. "झोप आता, सकाळी धुते," म्हणाली. मग जाग आली ती दगडमातीखालीच. अव्वा पलीकडच्या भिंतीशी झोपली होती. सुकन्यानं किती हाका मारल्या, तिकडून आवाज आला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, रडलं कोणी नाही.

हणमंतराव सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "बेटा, आई काहीतरी बोलली असेलच की."

"नाही सर. एक शब्द नाही."

"आठवून बघ."

तिनं आठवून बघितलं, पण जे नव्हतं ते आठवणार कुठून? मग आठवायचं काम सरांनीच अंगावर घेतलं. पालकांना अव्वा हा शब्द कळत नाही म्हणून गोष्टीत अव्वाच्या जागी आई आली. ती आई ऊन वर येईपर्यंत दगडांखालून लेकीला धीर देत बोलत राहिली. इंजिनियरिंगच्या बॅचचा कार्यक्रम सकाळी असायचा, मेडिकलवाल्यांचा दुपारी. त्यामुळं सकाळी शांतम्मा मरता मरता "सुकन्या, इंजिनियर हो" म्हणायची आणि पालकांची जेवणं झाली की "डॉक्टर हो" म्हणायची. सुकन्या स्वतः दोन्हींतलं काहीच झाली नाही. बारावीला मार्क कमी पडले. तरी सरांनी तिला त्याच आवारातल्या बीएस्सीला ठेवून घेतलं. जूनमध्ये ती लागायचीच.

पहिल्यांदा ती रडण्याचं सोंग करायची. पुढं त्या वाक्याला पाणी आपोआप यायला लागलं. फ्रॉकची गोष्ट मात्र तिला महिनोन्महिने आठवेनाशी झाली, आणि आठवली की स्वतःची लाज वाटायची.

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी सरांनी नवं काढलं. सुकन्याच्या वडिलांचा सत्कार करायचा, शाल आणि नारळ देऊन. तिला न विचारता त्यांनी गावाकडं जीप धाडली. मलप्पा आजवर संस्थेच्या फाटकाच्या आत आला नव्हता. धुतलेलं धोतर नेसून तो जीपमधून उतरताना सुकन्याला दिसला.

भूकंपाच्या रात्री तो शेतावर राखणीला होता. धावत घरी आला तर घराचा ढिगारा. त्यानं बायकोला हाक मारली, उत्तर आलं नाही. दुसऱ्या बाजूनं पोरीचं रडणं ऐकू आलं, म्हणून तिकडं वळून त्यानं हातांनी दगड उपसले. शांतम्माला बाहेर काढेपर्यंत दुपार झाली. ती जाग्यावरच गेली, तिला काही कळलंही नाही, असं चार माणसांनी त्याला सांगितलं होतं. एवढ्या एका गोष्टीवर तो माणूस इतकी वर्षं जेवत होता, झोपत होता.

सुकन्या धावत सरांकडं गेली. "सर, आज ते ऊन वर येईपर्यंतचं नको. अप्पा आलेत."

"मग त्यात राहिलं काय?" सर हसले. "परीक्षेपर्यंत होस्टेल लागेल ना तुला?"

तरी तिनं ठरवलं, की नाही सांगायचं. माइकसमोर हाका मारण्यापर्यंत आली आणि थांबली. पहिल्या रांगेत मलप्पा शाल पांघरून, मांडीवर नारळ धरून बसला होता. सर शेजारी येऊन मायेनं म्हणाले, "आणि मग आई काय म्हणाली, बेटा?"

जिभेला वळण पडलेलं होतं. सगळं घडाघडा बाहेर आलं, ऊन, धीर, इंजिनियर, अगदी ठरल्या जागी डोळ्यांचं पाणीसुद्धा. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मलप्पानं टाळी वाजवली नाही.

मांडवामागं पाण्याच्या टाकीपाशी त्यानं तिला गाठलं. "ऊन वर येईस्तोवर बोलून राहिली होती?"

"न्हाई अप्पा. खोटं हाय ते. सर सांगाय लावतात. अव्वा एक शब्द बोलली न्हाई."

"मी दोनदाच हाक मारली तिला," मलप्पा म्हणाला. "दोनदाच. मग तुझा आवाज आला."

"ती आधीच गेली होती, अप्पा."

"तू रडलीस की आता."

"ते मी दरवर्षी रडते."

"हाव, रडू येणारच." त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "माझ्यासाठी लपवू नको. इतकी वर्षं लपवलंस, लई झालं."

ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली आणि तो मान हलवत राहिला. चांगल्या लेकी बापाला असंच सांगतात, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

परत न्यायला जीप आली, पण तो बसला नाही. दुपारच्या बॅचला पुन्हा पहिल्या रांगेत येऊन बसला. सुकन्याला आधी धडकी भरली, आणि मग एकदम हायसं वाटलं. आता तो स्वतःच्या कानांनी ऐकणार होता. सकाळी इंजिनियर, दुपारी डॉक्टर. सोंग आपोआप उघडं पडणार होतं. चार वर्षांत सांगितलं नव्हतं इतक्या स्वच्छ आवाजात तिनं बापाकडं बघून सांगितलं, "आई म्हणाली, सुकन्या, डॉक्टर हो." आणि पुन्हा एकदा म्हणाली, "डॉक्टर हो." मलप्पाची मान झटकन वर झाली. कळलं, असं तिच्या मनात आलं.

कार्यक्रम संपल्यावर तो आपणहून तिच्याकडं आला. शाल घडी करून काखेत धरली होती.

"सकाळी इंजिनियर म्हणली होतीस."

"हाव अप्पा." तिला हसू आवरेना. "आता तरी कळलं ना?"

"कळलं," मलप्पा म्हणाला. "दोन्ही म्हणली असंल. लई वेळ होता तिला."