आक्काच्या वॉकरचे तळवे

कुंडलच्या धोंडुबाईचा पाय खुब्यात मोडला आणि दवाखान्यातून वॉकर घरी आला. पण तो पडला फरशीवरचा. पाणी पाजलेल्या रानात त्याच्या चारी नळ्या रुतायच्या, आणि ऊस डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बाईला चैन पडायचं नाही. मग तिने ट्रॅक्टरचं जुनं टायर कापून चार पसरट तळवे केले, खाचा खाली ठेवून तारेने नळ्यांना आवळले आणि खुशाल बांधावर जाऊन उभी राहिली.

भाऊबिजेला आलेल्या आकारामने, तिच्या धाकट्या भावाने, ते पाहिलं. पलटणीत सतरा वर्षं मेकॅनिक म्हणून काढलेला हा गडी आता साताऱ्याला वॉकर बनवणाऱ्याच एका कारखान्यात फिटर होता. त्याने तिथे तसेच रबरी तळवे बसवून दाखवले. कल्पना कुणाची, असं साहेबांनी विचारलं. आक्काचं नाव अगदी ओठावर आलं होतं. पण शिकलेल्या इंजिनिअरांपुढे अडाणी बहिणीचं नाव घ्यायची त्याला लाज वाटली, आणि तो "माझीच" म्हणून मोकळा झाला. शाल-श्रीफळ मिळालं. मोबाइलवर आलेला, तळवेवाल्या वॉकरशेजारी काढलेला सत्काराचा फोटो आक्काने साऱ्या आळीला दाखवला. तेव्हापासून त्याला अन्न गोड लागेना.

पुढच्या भाऊबिजेला त्याने ओवाळणी म्हणून कारखान्याचा नवा वॉकर दिला. म्हटलं, तेवढंच मनावरचं ओझं उतरेल. कसलं उतरतंय! भावाची वस्तू म्हणून आक्काने आपला जुना वॉकर माळ्यावर टाकला, आणि चारच दिवसांत ओल्या बांधावर घसरून मनगट मोडून घेतलं. नवे तळवे देखणे दिसावेत म्हणून गुळगुळीत केले होते, आणि ते आकारामनेच सुचवलं होतं. विचारपूस करायला येणाऱ्यांना ती मात्र आपलाच पाय चुकला असं सांगत होती.

प्लॅस्टरमधला तो हात पाहून त्याला राहवेना.

"आक्का, ही अक्कल तुझी हुती. म्या माझी म्हनून सांगितली."

"ठावं हाय," ती म्हणाली. "फोटोतच वळखलं म्या."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुझं नाव झालं, मला लय बरं वाटलं. पर खाचा का बुजवल्यास रं? एकदा मला इचारायचं हुतंस."

 विचारायला गेलं तर चोरी उघडी पडेल, एवढ्याच भीतीने आकाराम वर्षभर कुंडलला फिरकला नव्हता.