बेटवाल्या बाई

"आपलं काम पाह्याचं हाय, मानायचं नाही." असं म्हणून बाई चष्मा कपाळावर चढवायच्या आणि समोरच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघत राहायच्या. चष्म्याशिवाय त्यांना धड दिसत नसे. पण वाद संपेपर्यंत त्यांनी तो खाली घेतल्याचं मला आठवत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सौंसरच्या मुलींच्या शाळेत त्या भूगोल शिकवत, मी मराठी. सुट्टी मिळाली की त्या नागपूरची बस धरून विद्यापीठाच्या लायब्ररीत जाऊन बसत. पीएच.डी.चा विषय होता प्रशांत महासागरातल्या बेटांवरचे आदिवासी आणि त्यांच्या मरणाच्या चालीरीती. मोहगावच्या बाई, जन्मात समुद्र पाहिलेला नाही, आणि विषय हा! गावानं त्यांना 'बेटवाल्या बाई' करून टाकलं. भाजीवालीसुद्धा विचारायची, तुमच्या बेटावर संत्री होते का. बाई पिशवी खाली ठेवून नारळापासून सुरुवात करायच्या आणि मागे गिऱ्हाईक खोळंबायचं.

असं एखादं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. आपण त्याची थट्टा करतो आणि ते आलं नाही की गप्पांना चव लागत नाही.

त्यांचं घर बौद्ध. वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात ना पिंड, ना कावळ्याला घास. आत्माच नाही म्हटल्यावर वाढायचं कोणाला? बाईंना या घराचा फार अभिमान होता, आणि तो त्यांना शोभायचा.

मग एका पावसाळ्यात त्यांचा धाकटा भाऊ कन्हानच्या पुरात गेला. रपट्याच्या बुटक्या पुलावरून पाणी वाहत होतं आणि हा सायकल खांद्यावर घेऊन ओलांडायला निघाला. सायकल सापडली. तो सापडला नाही.

त्यांची माय रोज संध्याकाळी त्याची थाळी वाढून झाकून ठेवू लागली. स्वतः चिमणीएवढं खायची. बाईंनी समजावलं, रागावून पाहिलं, विहारातल्या भंतेजींनाही घरी आणलं. माय सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि दिवेलागणीला थाळी वाढायची. वाळून काटकी झाली. ही पण जाते आता, असं बाई मला एकदा म्हणाल्या.

एका दुपारी मी त्यांच्याकडे बसले होते. माय तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "तुया त्या बेटावर बायाइचं पोरगं समुद्रात गेलं, तं त्या काय करतात व?"

बाईंचा हात चष्म्याकडे गेला नाही. त्यांनी हळूहळू सांगितलं. एका बेटावर पूर्वी किनाऱ्यावर कापड अंथरून बसत आणि बुडालेल्याला नावानं हाका मारत. जो जीव आधी कापडावर चढेल, मुंगी असो की टोळ, तोच तो बुडालेला. त्याला कापडात गुंडाळून पुरायचं. मग तो सुटला.

"चाल मंग," माय म्हणाली.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही तिघी कन्हानच्या काठी गेलो. भावाची पांढरी चादर अंथरली. माय हाका मारू लागली. त्या हाका मला अजून ऐकू येतात, घरात एकटी असले की जास्तच. माझ्यानं ऐकवेना, म्हणून मी पाणी आणायचं निमित्त करून उठले. परत आले तर माय चादरीवर ओंजळ पालथी घालून बसलेली. खाली नाकतोडा होता. "आला माया लेक," एवढंच म्हणाली. चादरीचा कोपरा फाडून त्यात गुंडाळून आम्ही तो तिथेच पुरला. त्या संध्याकाळी थाळी वाढली गेली नाही. माय पोटभर जेवली.

बाई मात्र खंगू लागल्या. वर्गात खडू हातात धरून नुसत्या उभ्या राहायच्या. प्रबंधाचं एकच प्रकरण उरलं होतं, नेमकं याच चालीवरचं. नागपूरचे मार्गदर्शक सर निरोप धाडून थकले. शेवटी एकदा स्टाफरूममध्ये कोणी नाही असं पाहून मी त्यांना विचारलं.

"नाकतोड्याच्या आधी मुंगळा आला होता," त्या म्हणाल्या. "मायचं ध्यान नव्हतं. मी झटकून देल्ला. सवयीनं."

मी म्हटलं, बाई, तुम्ही कुठे मानता हे? आपलं काम पाहायचं.

"पाह्यलेलं लिहिता येते," त्या म्हणाल्या. "हे कसं लिहू?"

लिहिलं नाहीच. मायलाही त्यांनी हे कधी सांगितलं नाही. पुढे छिंदवाड्याला जाताना बसमधून मला बाई कन्हानच्या काठावर एकट्या दिसल्या. पुढ्यात तीच कोपरा फाटलेली चादर. बस थांबवून उतरावंसं वाटलं, पण उतरून मी बोलणार काय होते? मला भीतीही वाटली होती.

त्याच थंडीत कावीळ झाली आणि बाई गेल्या. मी मोहगावला पोचले तेव्हा मेणबत्त्या लावल्या होत्या, त्रिशरण चाललं होतं. अंगाखाली मायनं लेकाची चादर अंथरली होती. चष्मा काढलेला होता. तेवढ्यात फाटक्या कोपऱ्याकडून एक मुंगळा वर चढला. मायचा हात झटकायला पुढे झाला. मी तो धरला.

"काऊन व?" मायनं विचारलं.

"राहू द्या, माय. चढू द्या त्याला."

मायनं हात मागे घेतला. मुंगळा बाईंच्या बोटांपर्यंत जाईस्तोवर आम्ही दोघी पाहत राहिलो.